जुन्या बंदुकीची पारख

विराटपर्वातील शमीवृक्षाची कथा आपल्या घराघरांत दसऱ्याला सांगितली जाते. अज्ञातवासात जाण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे नगराबाहेरच्या शमीवर बांधून ठेवली, आणि वर्षअखेरीस कौरवांनी गाई वळवून नेल्या तेव्हा ती खाली काढली, एवढा भाग लहान मुलांनाही ठाऊक असतो. परंतु त्या प्रसंगातला एक तपशील कथेकरी बहुधा वगळून जातात. राजपुत्र उत्तर झाडावर चढतो, गाठोडे सोडतो आणि आतील धनुष्ये पाहून चकित होतो. एकाच्या पाठीवर सोन्याचे हत्ती, दुसऱ्यावर इंद्रगोप किडे, तिसऱ्यावर सूर्य. एकेक धनुष्य दाखवून तो विचारतो, "हे कोणाचे?" आणि बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्या खुणांवरून एकेका शस्त्राची ओळख पटवून देतो. शस्त्र हाती धरण्यापूर्वी ते कोणाचे व कसले हे विचारले गेले, आणि त्याचे उत्तर शस्त्रावरील खुणांनीच दिले.

खंडेनवमीला आपण तलवार, कट्यार, दांडपट्टा यांच्यापासून कोयता, नांगर, तराजू आणि शिवणयंत्रापर्यंत सर्वांची पूजा करतो. जुन्या वाड्यांतून या मांडणीत एखादी ठासणीची लांब बंदूकही भिंतीवरून उतरवून ठेवली जाते. अलीकडे अशा बंदुकांचा संग्रह करणारी मंडळीही वाढली आहेत. दसरा जवळ आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "अमक्या ठिकाणी सत्तावन सालची एन्फील्ड विकावयास आहे म्हणतात, घ्यावी काय?" काही वेळा प्रश्न उलट बाजूने येतो: "आमच्या घरातली बंदूक एक गृहस्थ मागत आहेत; द्यावी काय?" दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच. आधी बंदूक ओळखा, मग तिचे मोल ठरवा. ती ओळख कशी करावी याचा थोडा विचार आपण आज करू.

बंदुकीची कुळकथा

लंडनच्या उत्तरेस एन्फील्ड येथे इंग्रज सरकारचा शस्त्रांचा कारखाना होता. तेथील नमुन्यावर १८५३ साली जी पायदळाची बंदूक मुक्रर झाली, ती एन्फील्ड या नावाने जगभर ओळखली गेली. तिची नळी ३९ इंच लांब, संपूर्ण बंदूक सुमारे ५५ इंच, म्हणजे उभी केली असता प्रौढ पुरुषाच्या छातीखांद्यापर्यंत येणारी, आणि वजन साडेनऊ पौंडांच्या आसपास. नळीचे तोंड ०.५७७ इंच व्यासाचे आणि आतून तीन आटे कोरलेले. हे आटे इतके सौम्य पिळाचे असतात की पूर्ण एक फेरा होण्यास ७८ इंच लागतात, म्हणजे नळीत अर्धाच फेरा दिसतो. नळी अक्रोडाच्या लाकडी दस्त्यास तीन लोखंडी पट्ट्यांनी जखडलेली. कुंद्याची पाटी, खटक्याभोवतीची कमान आणि दस्त्याच्या टोकाची टोपी ही पितळेची.

पूर्वीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे भरवशाचा नसे. या नव्या बंदुकीवरील दुर्बिणीविना नेमाची पट्टी ९०० यार्डांपर्यंत आखलेली होती. कागदी काडतूस दातांनी फाडावयाचे, दारू नळीत ओतावयाची, गोळी गजाने ठासावयाची आणि घोड्याखालच्या बोंडावर तांब्याची केप बसवून चाप ओढावयाचा, अशी तिची रीत. क्रिमियाच्या युद्धात १८५५ साली ती इंग्रज पलटणींच्या हाती आली. पुढे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवीत दोन्ही पक्षांनी ती मोठ्या संख्येने विकत घेतली. म्हणून आजही या बंदुका इंग्लंड-अमेरिकेतील संग्राहकांत जितक्या फिरतात तितक्याच बनावटी आणि नकलाही त्यांच्या जोडीने फिरतात.

पहिला प्रश्न: ती भरलेली तर नाही?

बनावट की अस्सल हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न जिवाचा आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांपासून केलेली काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. पुष्कळ जुन्या बंदुका शेवटच्या मालकाने रात्रीच्या राखणीसाठी भरून भिंतीवर टांगल्या आणि त्याच स्थितीत त्या नातवंडा-पतवंडांपर्यंत आल्या.

परीक्षा सोपी आहे. नळीचे तोंड माणसांपासून दूर, मोकळ्या दिशेस धरावे. स्वतःचा चेहरा किंवा हात तोंडापुढे आणू नये. घोडा उचलू नये. बोंडावर केप नाही याची नजरेने खात्री करावी. मग एक सरळ लाकडी काठी नळीत हळूच तळापर्यंत सोडावी आणि तोंडाशी तिच्यावर खूण करावी. काठी बाहेर काढून नळीच्या बाहेरील अंगास, खूण तोंडाशी जुळवून, धरावी. नळी रिकामी असेल तर काठीचे टोक केपेच्या बोंडाजवळ येते. ते तीन-चार इंच अलीकडेच राहिले तर आत काही तरी आहे असे समजावे. ती कदाचित चिंधी असेल, कदाचित कुंभारमाशीचे घर असेल. परंतु दारू आहे असे धरूनच वागावे. ती घरी उकरून काढण्याचा उद्योग कोणीही करू नये. ते काम परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडील कारागिराचे आहे.

अक्षरे आणि खुणा

आता ओळखीकडे वळू. घोड्याखाली जी लोखंडी पट्टी असते तिच्यावर अस्सल लष्करी एन्फील्डला राजमुकुट, त्याखाली व्हिक्टोरिया राणीची व्ही. आर. ही आद्याक्षरे, सन आणि टॉवर किंवा एन्फील्ड हा शब्द आढळतो. टॉवर म्हणजे लंडनचा किल्ला. बर्मिंगहॅम व लंडन येथील निरनिराळ्या कारागिरांनी केलेले भाग तेथे तपासले जात. एन्फील्ड असे लिहिलेली बंदूक सरकारी कारखान्यात, अमेरिकेहून आणलेल्या यंत्रांवर तयार झालेली असते. हा फरक पारख करताना उपयोगी पडतो. यंत्रावरच्या बंदुकीचे भाग एकमेकांत बदलता येतात, हातघडणीच्या बंदुकीचे येत नाहीत. म्हणून हातघडणीच्या बंदुकीत कारागीर एकेका जोडीच्या भागांवर कानशीने बारीक रेघा किंवा आकडे घालून ठेवी. स्क्रू काढल्यावर त्यावर तीन रेघा आणि पट्टीवर चार, असे दिसले तर कुठे तरी अदलाबदल झाली आहे.

सरकारी मालावर बाणाच्या टोकाचा शिक्का असतो. असे दोन बाण टोकाला टोक लावून उमटविलेले दिसले तर ते शस्त्र सरकारने रीतसर विकून टाकल्याची ती खूण होय. नळीच्या मागील भागावर चाचणीच्या मुद्रा असतात. त्या जर इटलीच्या असतील आणि शेजारी चौकटीत वर्षाची सांकेतिक अक्षरे असतील, तर ती विसाव्या शतकातील नक्कल आहे. अशा नकला हौशी नेमबाजांसाठी उघडपणे, प्रामाणिकपणे केल्या गेल्या. त्या मुद्रा घासून काढून वर गंज चढविणारा मात्र लबाडच.

दुसरा मोठा ओघ पेशावरकडील डोंगराळ मुलखाचा. दर्रा आदमखेल येथील लोहार इंग्रजी बंदुकांच्या नकला करण्यात पिढ्यान्‌पिढ्या प्रवीण आहेत. हात कुशल, पण इंग्रजी अक्षरांची ओळख नाही, त्यामुळे एन अक्षर उलटे, मुकुट वेडावाकडा, शब्दाचे स्पेलिंग चुकलेले असे दिसते. कधी कधी तर सनच खोटेपणा सांगतो. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१ मध्ये निवर्तली. तिच्या आद्याक्षरांखाली त्यानंतरचे साल असलेली बंदूक लंडनहून आलेली असणे शक्य नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवावी. काही ठासणीच्या बंदुकांवर देवनागरी अक्षरे किंवा आकडे असतात. विक्रेता लगेच त्यांचा संबंध नानासाहेबांशी किंवा झाशीशी जोडतो. वस्तुतः नेपाळच्या शस्त्रशाळांतून इंग्रजी नमुन्यावर पुष्कळ बंदुका तयार झाल्या आणि त्यांवर देवनागरी लेख घातले गेले. काठमांडूतील लगन सिलेखाना या जुन्या शस्त्रागारातील मोठा साठा २००३ साली अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हापासून त्या जगभर पोहोचल्या. सत्तावनच्या धामधुमीत जंगबहादुरांची नेपाळी फौज इंग्रजांच्या बाजूने लखनौवर गेली होती, हेही विसरून चालणार नाही. अक्षरे आपली म्हणून शस्त्र आपल्या पक्षाचे, हा तर्क टिकणारा नाही.

लाकूड आणि लोखंड

खुणा जमल्यावर अंगकांती पाहावी. दीडशे वर्षांच्या लोखंडावर सारख्या तपकिरी रंगाची साय धरलेली असते. ती शोभा आहे, मळ नव्हे. वरून चकचकीत काळा-निळा मुलामा आणि त्याखाली खड्डे दिसत असतील तर गंज खाल्लेली नळी नंतर रंगविली आहे असे समजावे. सहाणेवर घासल्यासारख्या गोल झालेल्या कडा, उथळ पडलेली अक्षरे, चिरफाळलेली स्क्रूची डोकी ही अतिउत्साही साफसफाईची लक्षणे होत.

लाकडाच्या बाबतीत एक साधी कसोटी सांगतो. मूळ घडणीत लाकूड धातूच्या पातळीला किंवा किंचित वर असते. बोट फिरवावे, धातूची पट्टी लाकडापेक्षा उंच लागली तर दस्ता पॉलिश-कागदाने घासलेला आहे. कुंद्यावर कारखान्याचा गोल शिक्का असतो; तो पुसट होण्याचे कारण बहुधा हेच. तीन पट्ट्यांची बंदूक शिकारीसाठी कापून दोन पट्ट्यांची करण्याची चाल सर्रास होती. पट्टीच्या जुन्या जागी बुजविलेली खाच, टोकाची पितळी टोपी नाहीशी झालेली, नळीच्या तोंडाशी माशी नवी बसविलेली, अशा गोष्टी दिसल्या तर मोल निम्म्याहून खाली आले असे खुशाल समजावे. गज मूळचाच आहे ना, हेही पाहावे. हरवणाऱ्या वस्तूंत त्याचा पहिला क्रमांक.

घोड्याला दोन टप्पे असतात. बंदूक रिकामी आहे याची पुरती खात्री झाल्यावर, घोडा अंगठ्याने सांभाळून पहिल्या टप्प्यावर आणावा. तेथे चाप ओढल्यास तो सुटता कामा नये. सुटत असेल तर आतला दात झिजला आहे. रिकाम्या बोंडावर घोडा आपटून पाहण्याची सवय वाईट. त्याने बोंड चेपते आणि घोडाही बिघडतो.

नळीच्या आतले सत्य

शेवटी नळीत उजेड सोडून आत पाहावे. येथे या बंदुकीचा आणि आपल्या देशाचा संबंध येतो. १८५७ च्या आरंभी एन्फील्डच्या शिक्षणासाठी डमडम, अंबाला व सियालकोट येथे वर्ग उघडण्यात आले. काडतुसाच्या कागदास लावलेली चरबी गाईची व डुकराची असल्याची वार्ता डमडमहून पसरली आणि धर्मभ्रष्टतेच्या शंकेने हिंदू-मुसलमान शिपाई सारखेच खवळले. २९ मार्चला बराकपुरास मंगल पांडे यांचा प्रसंग घडला. १० मे रोजी मीरतेस भडका उडाला. हे सर्व शालेय पुस्तकांतही आहे. परंतु त्यातून निघणारा एक निष्कर्ष फार थोडे लोक काढतात. उठाव झाला तेव्हा ही नवी बंदूक देशी पलटणींत सर्वत्र वाटली गेलीच नव्हती. उठावातले शिपाई मुख्यत्वे जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांनी लढले. एन्फील्ड होत्या त्या बहुतांशी गोऱ्या पलटणींच्या हाती. तेव्हा "उठावातल्या शिपायाची एन्फील्ड" हा शब्दप्रयोग ऐकला की आपण सावध व्हावे. लढाईत हस्तगत केलेल्या बंदुका होत्या, नाही असे नाही. पण तसा दावा करणाऱ्याने पुरावा दिला पाहिजे.

उठाव शमल्यावर इंग्रजांनी काय केले हे त्याहून बोधप्रद आहे. देशी शिपायांच्या हाती लांब पल्ल्याची बंदूक देऊ नये असे ठरले. एन्फील्डच्याच घाटाची, तशाच तीन पट्ट्यांची, परंतु आटे नसलेली बंदूक १८५८ साली मुद्दाम तयार करविण्यात आली. नळी आतून ०.६५६ इंचापर्यंत वाढवून गुळगुळीत केली आणि लांब पल्ल्याची उचलती नेमपट्टी काढून साधी स्थिर खाच बसविली. आतून इतकी धातू गेल्याने नळी पातळ झाली, म्हणून पुढल्याच वर्षी जाड नळीचा नमुना काढावा लागला. बाहेरून पाहणाऱ्यास तिन्ही बंदुका जवळपास सारख्याच. फरक कळतो तो तोंडाशी बोट लावल्यावर आणि आत उजेड सोडल्यावर. पुढेही हाच क्रम राहिला. गोऱ्या सैन्यास नवे शस्त्र मिळाले की त्याचे जुने देशी सैन्याकडे यावयाचे.

आपल्याकडील वाड्यांतून "सत्तावनची" म्हणून जी बंदूक दाखविली जाते, ती पुष्कळदा या दुसऱ्या जातीची असते. ती सत्तावनात लढलेली नव्हे. सत्तावन घडले म्हणून जन्मास आलेली आहे.

एका घरची हकीकत

याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. आमच्या एका स्नेह्यांना देशावरील एका गावी जुनी बंदूक विकत मिळण्याचा योग आला. घरात ऐंशीच्या पुढच्या आजी, त्यांचे चिरंजीव, सून आणि दोन नातवंडे. बंदूक उठावातल्या एका शिपायाने जाताना वाड्यात लपविली अशी घरातली परंपरागत कथा. किंमतही त्या कथेच्या मानाने सांगितलेली. दरवर्षी खंडेनवमीस आजी तिला हळदकुंकू वाहात आणि त्या अनामिक शिपायाच्या नावाने नैवेद्याचे एक पान वेगळे काढीत.

आम्ही प्रथम काठी घातली. ती चार इंच अलीकडे थांबली. आम्ही बंदूक आहे तिथेच, तोंड भिंतीकडे करून ठेवली आणि मुलांना बाहेर पाठविण्यास सांगितले. तेव्हा सूनबाई एकदम घाबऱ्या झाल्या. त्या म्हणाल्या, "अहो, गेल्या दिवाळीत धाकट्याने घोड्याखाली टिकली ठेवून वाजवली होती!" क्षणभर कोणी बोलले नाही. बोंडाचे बारीक छिद्र गंजाने बुजले होते, एवढ्यामुळेच ती दिवाळी त्या घराला सुखाची गेली.

पुढे परवानाधारक विक्रेत्याच्या कारागिराने आतला ऐवज काढला. दारू कोरडी होती; वर शिशाचे छरे होते. कोणी तरी रानडुकरांसाठी भरून ठेवली असावी. नळी रिकामी झाल्यावर उजेड सोडला तर आत एकही आटा नाही, तोंड मोठे, नेमाची खाच स्थिर, घोड्याखालच्या पट्टीवर टॉवर आणि १८५९ हा सन. म्हणजे उठाव शमल्यानंतर देशी शिपायांसाठी केलेलीच ती बंदूक.

आता हे आजींना सांगावयाचे की नाही, असा पेच पडला. आमच्या स्नेह्यांचा व्यवहार तर सोपा झाला होता. कथा गेली की किंमत खाली येणार. परंतु ज्या शिपायासाठी साठ वर्षे पान वाढले तो कधी नव्हताच, हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगावे? सूनबाईंचे मत न सांगण्याकडे होते. चिरंजीव म्हणाले, "आईने उभ्या जन्मात कोणाला खोटे सांगितले नाही; तिच्याशी आपण का बोलावे?" मग आम्हीच हलक्या शब्दांत सर्व सांगितले.

आजींनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "तर मग ही कुणाच्या हातची?" आम्ही म्हटले, "आजी, अशा बंदुका पुढे जुन्या झाल्यावर संस्थानांची शिबंदी, पोलिस, खजिन्याचे पहारे यांच्याकडे जात. आपल्या घराण्यात तशा चाकरीत कोणी होते काय?" त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "मामंजींचे वडील संस्थानच्या शिबंदीत हवालदार होते. खजिन्यावर पहारा असे त्यांचा. पण त्यांचे नाव घरात कुणी फारसे काढीत नसे." आणि मग त्यांनीच पुढे म्हटले, "इतकी वर्षे परक्याचे पान वाढले. घरच्याचे राहूनच गेले."

खात्रीचा कागद मिळाला नाही, त्यामुळे बंदूक हवालदारांचीच होती असे आम्ही म्हणणार नाही. पण उठावाच्या कथेला वस्तूचा आधार नव्हता आणि या तर्काला होता. आमच्या स्नेह्यांनी ती बंदूक घेतली नाही. आजींनीच विकावयाचे नाही असे ठरविले, आणि त्यांनाही ते पटले. परवाना मात्र जुन्या मालकाच्या पश्चात कोणी करून घेतला नव्हता. म्हणून विक्रेत्याकडे ती रीतसर जमा राहिली आणि चिरंजीवांनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. त्या खंडेनवमीस पूजेच्या पाटावर बंदूक नव्हती. पान मात्र दोन वाढले होते, एक शिपायाचे आणि एक हवालदारांचे. शिपायाचे पान का बंद केले नाही असे सुनेने विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, "बंदूक त्याची नसेल. तो कुठे तरी होताच की."

कायद्याची बाजू

या हकीकतीवरून कायद्याचा विचार ओघानेच येतो. जुनी वस्तू म्हणजे परवान्याची गरज नाही, हा समज सर्वत्र आहे आणि तो धोक्याचा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पुराण्या घाटाच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्रांस सूट आहे खरी. पण ते शस्त्र दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालण्याजोगे नसेल तरच. म्हणजे जी एन्फील्ड संग्राहकाच्या दृष्टीने उत्तम, नळी स्वच्छ, घोडा ठीक, तिलाच परवाना हवा. इतर देशांत नियम निराळे आहेत. अमेरिकेत १८९८ किंवा त्यापूर्वीच्या बंदुका केंद्रीय कायद्याने पुरातन धरल्या जातात. तेथे राहणाऱ्या आप्तांचे ऐकून येथे व्यवहार करू नये.

बंदूक वारसाने आली असेल आणि परवाना नसेल, तर ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करणे हाच सरळ मार्ग. लपवून ठेवण्याने वस्तूही जाते आणि अब्रूही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाखालीही येते. तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. म्हणून विकत घेणाऱ्याने दोन कागद आधी मागावेत: विक्रेत्याचा अधिकार दाखविणारा आणि बंदुकीचा पूर्वइतिहास दाखविणारा. जुना परवाना, संस्थानची पावती, वडिलार्जित वाटणीपत्रातील नोंद, एखादे जुने छायाचित्र, यांतील एकही कागद तोंडी कथेहून अधिक मोलाचा.

पूजेतील निगा

शेवटी, ज्यांच्या घरी अशी वस्तू रीतसर आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. दसऱ्याच्या आधी चिंच, राख, विटेची पूड यांनी शस्त्र लखलखीत करण्याची आपली रीत कोयत्या-विळ्यांना योग्य आहे. जुन्या बंदुकीला ती मारक आहे. एका सकाळच्या घासण्याने दीडशे वर्षांची साय आणि कारागिराची अक्षरे निघून जातात, आणि ती पुन्हा येत नाहीत. ओले हळदकुंकू, पंचामृताचे शिंतोडे, झेंडूच्या ओल्या माळा लोखंडावर रात्रभर राहिल्या तर सकाळी तेथे गंजाचा डाग उठतो. यासाठी बंदूक कोरड्या वस्त्रावर ठेवावी. गंधाक्षता व फुले तिच्यापुढे विड्याच्या पानावर वाहावीत. आरती झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसून लोखंडास यंत्राच्या पातळ तेलाचा हात द्यावा. लाकडास वॉर्निश लावू नये. आणि पूजेला मांडण्यापूर्वी, दरवर्षी, न चुकता, काठी घालून पाहावी. गेल्या वर्षी रिकामी होती म्हणून यंदा पाहिली नाही, असे होऊ देऊ नये.

ज्यांना संग्रहासाठी घ्यावयाची आहे त्यांनी घाईने, सणाच्या मुहूर्तावर घेऊ नये. सोबत जाणता माणूस, मोजपट्टी, छोटी विजेरी आणि एक सरळ काठी घेऊन जावे. विक्रेत्याने सांगितलेली कथा आदराने ऐकावी, लिहून घ्यावी, आणि पैसे मात्र वस्तूवर दिसणाऱ्या खुणांचेच द्यावेत. एखादी बंदूक सत्तावनची निघाली नाही म्हणून ती टाकाऊ होत नाही. आटे काढून घेतलेली ती नळी, आपल्या शिपायावर राज्यकर्त्यांचा किती अविश्वास होता याची साक्ष देते. ती साक्ष जशीच्या तशी पुढच्या पिढीच्या हाती देणे हेही आपले एक कर्तव्यच आहे.

सर्व वाचकांस विजयादशमी सुखाची, निर्विघ्न आणि मंगलमय जावो.